चीनला जाताय? आधी जेवणाच्या वेळा ठरवा

दिवाळीची सुट्टी जवळ आली की आमच्या कोथरूडच्या सोसायटीत कोणी ना कोणी मला गाठतंच. "चीनला जायचं मनात आहे हो, पण घरात शाकाहारी माणसं. तिथे खायचं काय?" बीजिंग आणि शिआन ही दोन शहरं मी सासूबाई, नवरा आणि मुलीला घेऊन फिरले आहे. सासूबाई चातुर्मासात कांदा-लसूण खात नाहीत, आणि दिवाळी चातुर्मासातच येते. नवऱ्याला काहीही चालतं. दोन्ही टोकांची ताटं सांभाळून सहल झाली आणि छान झाली, म्हणून ठामपणे सांगते: आधी जेवण कधी आणि कुठे ते ठरवा, मग बघायच्या जागा त्याभोवती बसवा.

याला कारण आहे. आपण पुण्यात दुपारी दीडला आणि रात्री नऊला जेवतो. तिथे साडेअकराला जेवणाची गर्दी सुरू होते आणि संध्याकाळी साडेपाचपासून लोक परत टेबलावर बसतात. दुपारी दोन ते पाच बऱ्याच हॉटेलांची स्वयंपाकघरं बंद असतात आणि रात्री नऊला गेलात तर आवराआवर चाललेली दिसते. त्यात चीनचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, म्हणजे तिथे संध्याकाळचे साडेपाच वाजतात तेव्हा आपल्या पोटाच्या हिशोबाने दुपारचे तीनच झालेले असतात. भूक लागण्याची वाट बघत बसाल तर शाकाहारी माणसाच्या वाट्याला बिस्किटं येतील. पहिल्या दिवसापासून त्यांच्या वेळेला बसायचं. एक-दोन दिवसांत पोट जुळवून घेतं.

तारखा बघून घ्या. १ ऑक्टोबरपासूनच्या आठवड्यात त्यांचा राष्ट्रीय दिनाचा सण असतो आणि अख्खा देश फिरायला निघतो. १ मेच्या सुट्टीतही तेच. आपल्या दिवाळीच्या सुट्टीत मात्र ती गर्दी ओसरलेली असते आणि हवा थंड, चालायला सुखाची. पुण्याहून थेट विमान नाही, तेव्हा कुठे बदलायचं ते आधी बघा. आणि २४० तासांच्या व्हिसामुक्त मुक्कामाची जी सवलत वाचायला मिळते ती भारतीय पासपोर्टला लागू नाही. आपल्याला रीतसर व्हिसा काढावाच लागतो.

फोनची तयारी घरूनच करा. अलिपे आणि वीचॅट ही दोन ॲप उतरवून त्यांना आपलं आंतरराष्ट्रीय कार्ड जोडून घ्या. भाजीवाल्यापासून मोठ्या हॉटेलापर्यंत सगळीकडे त्यावरच पैसे देतात, आणि बऱ्याच ठिकाणी मेनूसुद्धा टेबलावरचा कोड स्कॅन केला की फोनवर येतो. थोडे युआन रोख जवळ असू द्या. गूगल, व्हॉट्सॲप, यूट्यूब तिथल्या वायफायवर चालत नाहीत. आपल्या सिमचं आंतरराष्ट्रीय रोमिंग घेतलं की सहसा चालतात. भाषांतराचं ॲप चिनी भाषेसकट ऑफलाइन उतरवून ठेवा, ते दिवसातून दहा वेळा लागतं. देशांतर्गत विमानाने जाणार असाल तर पॉवर बँकवर त्यांच्या ३सी या सुरक्षा-प्रमाणपत्राची खूण हवी, नाहीतर ती विमानतळावरच ठेवून घेतात. आपल्याकडच्या बहुतेकांवर ती नसते.

आता शाकाहाराचं. "व्हेजिटेरियन" म्हणून काही होत नाही. "वो छर सू", म्हणजे मी शाकाहारी जेवतो, एवढं म्हटल्यावर समजतं, पण उच्चारातल्या चढ-उतारांत घोटाळा होतो. त्यापेक्षा लेखी चिठ्ठी दाखवा. चिठ्ठीत नुसतं "मांस नको" लिहून भागत नाही, कारण पालेभाजीसुद्धा डुकराच्या चरबीत परततात, टोफूत खिमा घालतात आणि साध्या सुपाला कोंबडीचं पाणी असतं. आमच्या चिठ्ठीत एकेक गोष्ट स्वतंत्र लिहिली होती: मांस नको, मासे-कोळंबी नको, खिमा नको, प्राण्याची चरबी नको, हाडांचं पाणी नको, ऑयस्टर सॉस नको, अंडं चालेल की नाही, तेही. बीजिंगच्या हॉटेलातल्या रिसेप्शनवरच्या मुलीकडून ती जाड कागदावर ठळक अक्षरात लिहून घेतली. वाढपी ती घेऊन आत जायचा, आचारी वाचायचा आणि मान हलवायचा. पालेभाजीच्या प्रत्येक ताटलीमागे ती चिठ्ठी होती.

ऑर्डर करायच्या भाज्यांची नावंही पाठ करून जा. "दी सान श्येन" म्हणजे बटाटा, वांगं आणि ढोबळी मिरची तळून एकत्र परतलेली. "सुआन ला थू तौ स" म्हणजे बारीक किसासारखा चिरलेला बटाटा, व्हिनेगर आणि लाल मिरचीत झटपट परतलेला, कुरकुरीत. अंडं खाणाऱ्यांना टोमॅटो-अंडं कुठेही मिळेल. भात वेगळा मागा, नाहीतर शेवटी येतो. ताटल्या मध्ये ठेवून सगळ्यांनी वाटून खायची पद्धत आहे, त्यामुळे शाकाहारी माणसाच्या ताटल्या त्याच्या बाजूला सरकवून चमचा वेगळा ठेवा. भातात काड्या उभ्या खोचू नका, ते मृतांसाठी करतात. टिप द्यायची नसते. प्यायला गरम पाणी मागा, सगळीकडे आनंदाने देतात. नळाचं मात्र पिऊ नका.

कांदा-लसूण न खाणाऱ्यांसाठी खरा आधार म्हणजे बौद्ध शाकाहारी भोजनालयं. बौद्ध परंपरेच्या स्वयंपाकात मांसाबरोबर कांदा, लसूण, पातही वर्ज्य असते. बीजिंगमध्ये युंगहकुंग या लामा मंदिराच्या परिसरात अशी ठिकाणं आहेत. सकाळी मंदिरात जा. एकाच चंदनाच्या खोडातून कोरलेली मैत्रेय बुद्धाची मूर्ती आहे, जमिनीवर १८ मीटर उंच आणि बाकीची जमिनीखाली. मान वर करून बघताना सासूबाईंनी आपसूक हात जोडले. मग साडेअकराला तिथून चालत जेवायला. एक गोष्ट मोठ्यांना आधी सांगून ठेवा: या भोजनालयांत टोफू आणि गव्हाच्या चिवट पिठापासून बदकासारखे, माशासारखे दिसणारे पदार्थ करतात. ताटलीत अख्खा मासा बघून दचकायला होतं.

सकाळचा नाश्ता हॉटेलात घेऊ नका, रस्त्यावर घ्या. ज्येनबिंग हा पदार्थ बीजिंगच्या सकाळचा. गाडीवर गोल तापलेला तवा असतो. बाई त्यावर मुगाचं पीठ ओतते आणि लाकडी फिरकीने एका हाताने गोल पसरते, अगदी आपल्या धिरड्यासारखं. वर अंडं फोडून पसरते, तीळ, कांद्याची पात, कोथिंबीर भुरभुरते, उलटते, गोडसर सॉस आणि लाल मिरचीचं वाटण फासते, मध्ये तळलेली कुरकुरीत पापडी ठेवते, घडी घालून उलथन्याने दोन तुकडे करते. सगळं दोनेक मिनिटांत. सॉसेज नको म्हणून आधीच हाताने खुणवा.

फॉरबिडन सिटी, म्हणजे बीजिंगचा जुना राजवाडा, सोमवारी बंद असते आणि तिकीट दारात मिळत नाही. पासपोर्टच्या नंबरावर आगाऊ बुकिंग करावं लागतं, सात दिवस आधी तिथल्या रात्री आठला सुरू होतं. म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेपाच. गजर लावून बसा. तिआनानमेन चौकात जायचं तर त्याचंही बुकिंग वेगळं. राजवाडा १४२० साली बांधून झाला, दक्षिणेच्या दारातून आत जायचं आणि उत्तरेकडून बाहेर पडायचं, उलटं चालत नाही. जवळपास एक किलोमीटर लांबी आहे, बसायला जागा कमी आणि आतल्या खाण्यात शाकाहारी माणसाला फारसं काही नाही. सकाळी उघडल्या-उघडल्या शिरा आणि साडेअकराच्या सुमारास उत्तरेला या. समोरच चिंगशान टेकडी आहे. खंदकाच्या मातीतून उभी केलेली ही टेकडी, जेमतेम पर्वतीच्या पायऱ्या चढणाऱ्याला जमेल एवढी. राजवाड्याची सोनेरी छपरं एका रांगेत दिसतात ती इथूनच. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी सरळ जेवायला जावं.

चीनची भिंत बघायला मुतियान्यू हा भाग निवडा. इथे एक बारकावा आहे. केबल कार चौदाव्या बुरुजापाशी सोडते, खुर्च्यांचा पाळणा सहाव्या बुरुजापाशी, आणि दोघांची तिकिटं एकमेकांना चालत नाहीत. वयस्कर मंडळींनी केबल कारचंच जाण्या-येण्याचं तिकीट काढावं. तरुणांनी पाळण्याने वर जाऊन घसरगाडीने खाली यावं; आमची मुलगी अजून त्याबद्दल बोलते. हा भाग ह्वायरौ जिल्ह्यात येतो, तिथले चेस्टनट प्रसिद्ध. शरद ऋतूत गरम भाजलेले मिळतात. पिशवीभर घ्या, परतीच्या बसमध्ये संपतात.

त्याच संध्याकाळी मांसाहारी मंडळींनी बदक खावं. छ्वानजुद हे १८६४ सालापासूनचं हॉटेल, फळझाडांच्या लाकडावर बदक टांगून भाजतात. आचारी टेबलापाशी येऊन पातळ काप काढतो. पहिली कुरकुरीत कातडी साखरेत बुडवून, मग मांस पातळ पोळीत काकडी, पात आणि गोड सॉससह गुंडाळून. साडेपाचच्या आत पोहोचा, नाहीतर नंबर घेऊन ताटकळावं लागतं.

शिआनला रेल्वेने जा. वेगवान गाडी साधारण साडेचार ते सहा तासांत पोहोचवते, पासपोर्ट हेच तिकीट, आणि डब्यात उकळतं पाणी असतं. पुण्याहून नेलेल्या इन्स्टंट पोह्यांना याहून चांगली जागा नाही. ताजी फळं, दुधाचे पदार्थ मात्र पुण्याहून नेऊ नका, सीमेवर काढून घेतात.

शिआनजवळचे टेराकोटा सैनिक, म्हणजे भाजक्या मातीचे सैनिकांचे पुतळे, १९७४ साली विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना सापडले. पहिल्या क्रमांकाच्या दालनात गर्दी असते, तिथे शेवटी जा. आधी तिसरं आणि दुसरं बघा. दुपारी परत येऊन मुस्लिम मोहल्ल्यात यांगरौ फाओमो खा: कडक रोटी समोर येते, ती आपणच वाटाण्याएवढी कुस्करायची, वाडगा आत द्यायचा आणि मटणाच्या रश्श्यात शिजवून तो परत येतो. बाजूला लसणाचं गोड लोणचं. शाकाहाऱ्यांनी यौपो म्येन मागावं: रुंद नूडल्स, वर तिखट आणि लसूण, आणि त्यावर कडकडीत तेल. लसूण वर्ज्य असेल तर आधीच सांगा, तेल ओतायच्या आत.

ग्रेट वाइल्ड गूज पॅगोडा चुकवू नका. ६५२ साली तो बांधला ह्युएन त्संगने भारतातून नेलेल्या ग्रंथांसाठी. हाच ह्युएन त्संग दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात आला होता. महाराष्ट्रातली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असं त्याने लिहून ठेवलं आहे. मुलांना तिथे उभं करून हे सांगा.

परतीच्या वाटेवर शिच्याच्वांगला उतरावं असं मला मनापासून वाटतं. बीजिंग-शिआन मार्गावरचंच स्टेशन आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, जखमी सैनिकांवर उपचार करत राहिले आणि १९४२ मध्ये ३२ व्या वर्षी तिथेच वारले. त्यांची समाधी इथल्या हुतात्मा स्मारकात आहे. त्यासाठी तिकीट दोन तुकड्यांत काढा, शिआन ते शिच्याच्वांग आणि तिथून बीजिंग, मध्ये चार-पाच तास ठेवून. गाडीतून उतरल्यावर आधी जेवून घ्या, मग टॅक्सीने जा. पत्ता चिनी लिपीत फोनवर तयार असू द्या. बीजिंगहून त्याच रात्रीचं विमान असेल तर हा थांबा घेऊ नका, एक मुक्काम बीजिंगला ठेवून मग घ्या.