गव्हाचा दुसरा युरिया एकविसाव्या दिवसापुढे ढकलू नका

नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरलेला बागायती गहू आता 18 ते 21 दिवसांचा होतोय. खुरपणी दोन दिवस थांबली तर चालेल, नत्राचा, म्हणजे युरियाचा, उरलेला हप्ता थांबणार नाही. दिवस पेरणीपासून मोजा. कोरड्यात पेरून पाणी सोडलं असेल तर त्या पाण्यापासून. खात्रीसाठी एक रोप मुळासकट उपटा. तीन पानं उघडलेली, चौथं डोकावतंय आणि मातीच्या जरा खाली नवी पांढरी मुळं दिसली, की मुकुटमुळं सुटली.

फुटवे याच सुमारास ठरतात. नत्र हुकलं तर ते निघत नाहीत, निघालेले वाळतात. मग चाळिसाव्या दिवशी गोणी ओतून शेत काळंभोर दिसतं, पण ओंब्या तेवढ्याच. वर मावा-तांबेऱ्याला आमंत्रण, पीक लांबतं आणि दाणा उन्हात सापडून चिमतो.

शिफारस हेक्टरी 120:60:40 किलो नत्र, स्फुरद, पालाश. पेरताना अर्धं नत्र दिलं असेल तर आता एकरी 24 किलो नत्र, म्हणजे 52 किलो युरिया: 45 किलोची एक गोणी आणि वर 7 किलो. पेरताना एकरी फक्त डीएपीची गोणी टाकली असेल तर नत्र 9 किलोच गेलंय. आता त्या 52 किलोवर आणखी 33 किलो युरिया लागेल.

त्र्यंबक, तपोवन, फुले समाधान हे बुटके वाण पूर्ण मात्रा पेलतात. उंच जुनी खपली लोळते, तिला हात आखडता. गोदावरीसारख्या बन्सी (कडक दाण्याच्या) गव्हाला नत्र कमी पडलं तर दाण्यावर पांढुरके पिठूळ डाग येतात आणि व्यापारी भाव पाडतो. उशिरा पेरलेल्याला एकूण नत्र हेक्टरी 80 ते 90 किलो, पण दिवस तेच. नेत्रावती वाण एकाच पाण्यावर असेल तर ते पाणी 40-42 दिवसांनी. तिथे हा हिशेब लावू नका.

भारी जमिनीत युरिया टाकून लगेच हलकं पाणी, हलक्या जमिनीत पाणी देऊन वाफशावर. दव वाळल्यावर, दुपारी टाका. ओल्या पानावर दाणा चिकटला की पान भाजतं. चुनखडीच्या कोरड्या रानात नुसता फोकला तर बराच हवेत जातो. कालव्याचं आवर्तन लांबलं आणि जमिनीत ओल असेल तर दोन ओळींत पेरून मातीआड करा. विहिरीवाल्यांनी आवर्तनाची वाट बघूच नये. थंडी कडक असेल तर एकविसाव्याऐवजी तेविसावा दिवस चालतो, असा आमचा अंदाज, तिसावा नाही.

दुकानात युरियासोबत फुटव्यांचं टॉनिक, ह्युमिकची बादली गळ्यात मारतात. घेऊ नका. नॅनो युरियाच्या 500 मिलीच्या बाटलीत 4 टक्क्यांनी 20 ग्रॅम नत्र, 20 टक्क्यांची घेतली तरी 100 ग्रॅम. पिकाला हवंय 24 किलो.

बाकी कामं:
- पाणी: 40-42, 60-65, 80-85 दिवस
- रुंद पानांचं तण: 30-35 दिवसांनी मेटसल्फ्युरॉन मिथाईल 20 टक्के, एकरी 8 ग्रॅम
- मावा: थायामेथोक्झाम 25 डब्ल्यूजी, 10 लिटरला 1 ग्रॅम
- 55 आणि 70 दिवसांनी 19:19:19 विद्राव्य खताची दोन टक्के फवारणी

पोटरीत आलेल्या (ओंबी अजून पानाच्या आवरणात असलेल्या) गव्हाला मात्र युरिया फोकू नका. तेव्हा पानं पिवळी दिसली तर आधी पाणी साचलंय का ते बघा.