मास्क आधी काढू नका, आणि खर्रा बाहेर ठेवून या

किरणोत्सारी माती उचलायचं प्रशिक्षण म्हटलं की नवं पोट्टं पहिल्याच दिवशी विचारतं, 'सर, शिशाचं जॅकेट भेटंल का?' नाही भेटणार. ऑस्ट्रेलियातल्या मरालिंगासारख्या अणुचाचणीच्या जागेवर खरी धास्ती प्लुटोनियमच्या धुळीची. तिचे अल्फा कण साध्या कागदानंही अडतात. धूळ नाका-तोंडातून आत गेली, की मग अडवायला काही उरत नाही.

म्हणूनच 'बॅज कोरा आला, म्हणजे आपण सुटलो' हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. छातीवरचा टीएलडी बॅज, म्हणजे अंगावर पडलेल्या किरणांची नोंद ठेवणारा बिल्ला, बाहेरून येणारे गॅमा आणि बीटा किरण मोजतो. फुप्फुसात बसलेला अल्फा त्याला दिसत नाही. त्यासाठी हवेचे नमुने घ्या, लघवी तपासा. पॅसिफिक महासागरातल्या एनेवेटॉक या अणुचाचणीच्या बेटांवर १९७७ ते १९८० मध्ये अमेरिकी सैनिकांनी अशीच माती भरली. उकाड्यात अर्ध्या चड्डीत, मास्कविना काम केल्याचं त्यांच्यातल्या अनेकांनी नंतर सांगितलं.

अल्फा मोजणाऱ्या मीटरचा प्रोब झाडू मारल्यासारखा फिरवू नका, जमिनीजवळ धरून हळू न्या. अल्फा हवेत चार-पाच सेंटिमीटरच्या पुढे जात नाही. ओल्या जमिनीवर तर तो लपतोच. तरी धूळ उडू नये म्हणून खणण्याआधी पाणी मारा, मोजणी वाळल्यावर करा. दाढी काढा, नाहीतर मास्क चेहऱ्याला चिकटत नाही.

नांगर फिरवून माती खालीवर केली की झालं, असं समजू नका. मरालिंगात ब्रिटिशांनी १९६७ मध्ये तेच केलं, आणि १९९० च्या दशकात तीच माती खरवडून खंदकात पुरावी लागली. शॉर्टकटचं बिल असं दुप्पट येतं.

आता माझा आवडता गुन्हा, कपडे उतरवणं. मे महिना, हिंगण्याची पत्र्याची शेड, बाहेर पंचेचाळीस डिग्री. सरावासाठी मुरमात चमकणारी पावडर मिसळली होती. काम आटोपताच एका पोट्ट्यानं आधी मास्क ओढला, घाम पुसला, मग दातांनी हातमोजा सोडवला. आणि आतल्या खिशातून खर्ऱ्याची पन्नी काढली.

'का बे, काय करून राहिला?'

'काही नाही सर, नुसता घोटून राहिलो. खाईन बाहेर गेल्यावर.'

मी लाइट बंद केले आणि नोटा तपासायचा जांभळा दिवा धरला. ओठ चमकत होते, पन्नी चमकत होती, मिशीचा केस न केस मोजता येत होता. शेजाऱ्याच्या पाठीवर पाच बोटं उमटली होती, ती कधी, दोघांनाही आठवेना.

माझा क्रम ठरलेला आहे. आधी बाहेरचे हातमोजे, मग पोशाख आतली बाजू बाहेर करत, गुंडाळत पायापर्यंत. मास्क त्यानंतर, आणि आतले हातमोजे सगळ्यात शेवटी. घाई असेल त्यानं माझ्या वर्गात येऊच नये. दारात आता एक बिस्किटाचा डबा ठेवलाय, आधी पन्नी त्यात, मग आत. पहिल्या दिवशी बावीस जणांच्या वर्गातून एकोणीस पन्न्या निघाल्या.