जुनी हायस्कूलवाली सिरीज पुन्हा बघायला बसताय? आधी हे वाचा

मागे एका शनिवारी सकाळी मी रिमोट घेऊन बसले, ठरवलं होतं की शाळेत असताना जिच्यावर जीव टाकायचे ती अमेरिकन सिरीज दोन दिवसांत पूर्ण संपवायची, आणि रात्रीपर्यंत अवस्था अशी की टीव्ही चालूये, मी मोबाईलवर भलतंच काहीतरी बघतेय आणि डोक्यात एकच विचार, हे एवढं भंगार होतं का? नव्हतं हो. मीच चुकीच्या पद्धतीने बघत होते, आणि नंतर कळलं की मी बघत होते ती धड तीच सिरीज पण नव्हती, त्यातली निम्मी गाणी बदललेली होती. तेव्हापासून चार-पाच सिरीज नीट पुन्हा बघून झाल्या, त्यातल्या एक-दोन तर पहिल्या वेळेपेक्षा जास्त आवडल्या. चुकतमाकत जे कळलं ते लिहितेय.

सुरुवात छोट्या सिरीजने करा. आठवणीत सगळ्या सारख्याच वाटतात पण प्रत्यक्षात लांबी फार वेगवेगळी असते. माय सो-कॉल्ड लाइफचे १९ एपिसोड आहेत, पाऊण पाऊण तासाचे, म्हणजे सगळे मिळून चौदा-सव्वाचौदा तास. फ्रीक्स अँड गीक्सचे १८. महिन्याभरात आरामात होतात. याउलट डॉसन्स क्रीक ६ सीझन आणि १२८ एपिसोड, आणि बेव्हर्ली हिल्स ९०२१० तर १० सीझन, त्यात उडी मारायची तर आधी कुठे थांबायचं ते ठरवूनच मारा. माझं उत्तर सोपं आहे: शाळा संपली की थांबा. ९०२१०ची पोरं तिसऱ्या सीझनच्या शेवटी पास होतात, बफी (बफी द व्हॅम्पायर स्लेयर) पण तिसऱ्याच्या शेवटी, डॉसन्स क्रीकवाली चौथ्याच्या. त्यानंतर सगळे ओढूनताणून एकाच गावातल्या किंवा एकाच शहरातल्या कॉलेजात येऊन पडतात आणि लेखकांनाही कळत नाही यांचं आता काय करायचं. (बफीचे फॅन माझ्यावर धावून येतील, त्यांना पुढचे सीझन माफ.)

आता खरं काम, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. प्ले दाबायच्या आधी कुठली कॉपी बघताय ते तपासा. नव्वदच्या दशकात सिरीजमध्ये गाणं वापरायचं तर हक्क घ्यायचे ते टीव्हीवर दाखवण्यापुरते, पुढे त्याची डीव्हीडी येईल, मग कुठल्या तरी ॲपवर जगभर दिसेल असं काही कोणाच्या डोक्यात नव्हतं. त्यामुळे नंतर विकायची वेळ आली की प्रत्येक गाण्याचे हक्क नव्याने घ्यायचे, आणि ते महाग, मग गाणं काढून तिथे कुठलं तरी स्वस्तातलं म्युझिक चिकटवून द्यायचं. डारिया या कार्टून सिरीजची डीव्हीडी २०१० मध्ये आली तेव्हा मूळ गाणी जवळपास सगळी गेलेली होती. द वंडर इयर्स १९९३ ला संपली आणि पूर्ण डीव्हीडीवर यायला २०१४ उजाडलं, कारण हेच. डॉसन्स क्रीकचं तर टायटल साँगच कित्येक वर्षं ऑनलाइन वेगळं होतं, पॉला कोल या गायिकेचं ते गाणं, ज्याच्याशिवाय ती सिरीज डोळ्यासमोर येतच नाही ते, परत आलं २०२१ मध्ये. मधल्या काळात ज्यांनी पुन्हा बघितली त्यांना पहिल्याच मिनिटाला वाटलं असणार की आपण चुकीचं काहीतरी लावलं.

हे किरकोळ वाटत असेल तर एक सीन सांगते. फ्रीक्स अँड गीक्समधला बिल हॅव्हरचक, चष्मा, उंच, किडकिडीत, गेमच्या तासाला ज्याला टीममध्ये कोणी घेत नाही तो. एका एपिसोडमध्ये तो शाळेतून घरी येतो, घरात कोणी नाही, स्वतःच चीज सँडविच भाजून घेतो, टीव्हीसमोर बसतो आणि एक कॉमेडियन बघून हसायला लागतो, तोंडात घास असताना, एकटाच, अगदी लोटपोट. संवाद एकही नाही. मागे द हू या बँडचं गाणं चाललंय, बस. लहानपणी मला तो सीन विनोदी वाटला होता, आता बघितला तेव्हा घशात काहीतरी अडकलं, की हा पोरगा रोज असाच घरी येत असणार आणि दिवसातला हा एकच तास त्याचा स्वतःचा. ते गाणं काढून तिथे ट्यांव ट्यांव गिटार टाकली तर उरतो फक्त खाणारा मुलगा. या सिरीजवाल्यांनी त्या बाबतीत हट्ट धरला, गाण्यांचे हक्क घेऊनच २००४ मध्ये डीव्हीडी काढली, तोपर्यंत ती नीट बघायलाच मिळत नव्हती. तर तपासायचं कसं? तुम्हाला गाण्यासकट लख्ख आठवतोय असा एक सीन निवडा, थेट तिथे जा आणि ऐका. गाणं वेगळं असेल तर जुनी डीव्हीडी कोणाकडे आहे का विचारा, पण तिच्या पाकिटावर म्युझिक बदलल्याची बारीक अक्षरातली ओळ आहे का तेही बघा.

दुसरी भानगड क्रमाची. चॅनलवाले एपिसोड मनाला येईल तसे दाखवायचे आणि काही ठिकाणी तोच क्रम आजही यादीत तसाच आहे. फ्रीक्स अँड गीक्सचे एनबीसी या अमेरिकन चॅनलने एपिसोड मागेपुढे केले, मधेच सिरीज बंद केली, शेवटचे ३ तर दुसऱ्याच चॅनलवर लागले. बघायचा तो डीव्हीडीचा क्रम. सगळ्यात गोंधळ सेव्ह्ड बाय द बेलचा. तिची सुरुवात वेगळ्याच नावाने झाली, एक बाई शिक्षिका मध्यवर्ती, गाव इंडियानापोलिस, आणि पुढच्या वर्षी नवीन नावाने तीच काही पोरं तोच प्रिन्सिपल घेऊन कॅलिफोर्नियात, एका शब्दाचंही स्पष्टीकरण नाही. शेवटच्या सीझनमध्ये तर कहर, ग्रॅज्युएशन शूट करून झालं, मग चॅनलने आणखी एपिसोड मागितले, तोवर केली आणि जेसीचं काम करणाऱ्या दोघी निघून गेलेल्या, म्हणून टोरी नावाची लेदर जॅकेटवाली मुलगी आणली, आणि दाखवताना दोन्ही प्रकारचे एपिसोड मिसळून टाकले. त्यामुळे एका आठवड्यात टोरी आहे, केली-जेसीचं नावही कोणी काढत नाही, पुढच्या आठवड्यात त्या दोघी हजर आणि टोरी गायब. मी पहिल्यांदा बघताना माझेच एपिसोड चुकले असं समजून मागे जाऊन शोधत बसले होते. टोरीवाले सगळे आधी सलग बघून घ्या आणि केली-जेसीवाले शेवटी ठेवा, म्हणजे ग्रॅज्युएशन जिथे यायला पाहिजे तिथे येतं.

चित्राचं पण बघा, पटकन सांगते. या सिरीज चौकोनी टीव्हीसाठी शूट केलेल्या आहेत, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसल्या तर ते बरोबर आहे, त्या घालवायच्या मागे लागू नका. टीव्हीने चित्र ताणलंय का हे ओळखायला वर्गातलं भिंतीवरचं घड्याळ बघायचं, ते अंड्यासारखं दिसत असेल तर सेटिंगमध्ये जाऊन ४:३ करा. मोशन स्मूदिंग, म्हणजे टीव्ही चित्र नको तेवढं गुळगुळीत करतो ती सेटिंग, बंद. आणि एचडी लिहिलंय म्हणून हुरळून जाऊ नका, बफीची एचडी कॉपी करताना चित्र रुंद केलं तर काही सीनमध्ये कडेला चक्क शूटिंगवाली माणसं दिसायला लागली आणि रात्रीचे सीन दुपारसारखे उजळ झाले. त्यापेक्षा जुनी थोडी धूसर कॉपी बरी.

आता बघायचं कसं. ऑटोप्ले बंद करा, हे पहिलं. या सिरीज आठवड्याला एक अशा बघायसाठी लिहिल्यात, म्हणून सलग सहा बघितले की तोच हॉलवे, तेच लॉकर, तेच भांडण-रुसवा-मिठी, डोकं उठतं. त्यात दोष लिहिणाऱ्यांचा नाही, आपण आठवड्याचं रेशन एका दुपारी खातोय. मी आता दिवसाला एक, जास्तीत जास्त दोन. एक गंमत पण लक्षात ठेवा, अमेरिकेत प्रेक्षक मोजायचे महिने ठरलेले असायचे, नोव्हेंबर, फेब्रुवारी, मे, त्यामुळे अपघात, दारू, ड्रग्ज, कोणीतरी पळून जाणं हे सगळं नेमकं तेव्हाच घडायचं. जेसी गोळ्या खाऊन गाता गाता रडायला लागते तो सेव्ह्ड बाय द बेलचा एपिसोड, तारीख बघा, ३ नोव्हेंबर १९९०. त्यात गोळ्या कॅफीनच्या आहेत, कारण त्याहून कडक काही दाखवायला चॅनल तयार नव्हतं, आणि तरी तिचं रडणं असं की जणू जग बुडालं. तेव्हा मी हादरले होते. आता हसू आलं, पण खरं सांगू, मुलगी परीक्षेच्या टेन्शनने कोसळते हे काही अजून जुनं झालेलं नाही.

वयाचा धक्का बसणार आहे, तयारी ठेवा. ९०२१०मध्ये अँड्रिया शाळेत जाते, ते काम करणारी गॅब्रिएल कार्टेरिस सिरीज सुरू झाली तेव्हा २९ वर्षांची होती. आपण वर्षानुवर्षं आरशात बघून विचार करत राहिलो की आपण असे का दिसत नाही! उलट माय सो-कॉल्ड लाइफमधली क्लेअर डेन्स खरंच पंधराच्या आसपासची होती आणि ते दिसतं, रडताना नाक लाल होतं, चेहरा वेडावाकडा होतो, कोणी सावरायला गेलेलं नाही.

आणि आईवडिलांचे सीन पळवू नका. लहानपणी मी ते सीन आले की पाणी प्यायला उठायचे. आता माय सो-कॉल्ड लाइफमधल्या अँजेलाची (क्लेअर डेन्स करते ते काम) आई पॅटी बघताना मी जागची हलले नाही, म्हणजे बाई छापखान्याचा धंदा सांभाळतेय, घर सांभाळतेय, नवऱ्याची नोकरी डळमळीत आणि पहिल्याच एपिसोडमध्ये पोरगी केस लालभडक रंगवून समोर येऊन उभी. मला आठवतं तेव्हा मी त्या बाईला किती कटकटी म्हणायचे. पुन्हा बघायची सगळ्यात मोठी मजा इथे आहे असं माझं मत, एक एपिसोड मुलांच्या बाजूने बघा आणि तोच लगेच नाही पण आठवड्याभराने आईच्या बाजूने. दोन वेगळे एपिसोड आहेत ते.

काही गोष्टी खुपणार. डॉसन्स क्रीकच्या पहिल्या सीझनमध्ये पेसी, पंधरा वर्षांचा मुलगा, आणि त्याची इंग्लिशची शिक्षिका यांचं जे प्रकरण आहे ते तेव्हा आपण प्रेमप्रकरण म्हणून बघितलं, मैत्रिणी-मैत्रिणींत त्यावर चर्चा केल्या. आता ते बघवत नाही, पोराला फसवणारी मोठी बाई एवढंच दिसतं. असं आलं की सिरीज फेकून देऊ नका आणि ‘त्या काळी चालायचं’ म्हणून झाकू पण नका. मी तिथे थांबले, उठले, दुसऱ्या दिवशी पुढचं बघितलं. पेसी तरीही आवडतोच, जरा जास्तच.

कोणाबरोबर बघायची? एकटीने बघा, किंवा अशा कोणाबरोबर ज्याने ती कधीच बघितलेली नाही. शाळेतल्या ग्रुपबरोबर बघायला बसलात तर दहा मिनिटांत सिरीज म्यूट आणि कोणाचं लग्न कोणाशी झालं ते सुरू, ते छानच आहे पण ते रीवॉच नाही. मी माय सो-कॉल्ड लाइफ भाचीबरोबर बघितली, तिचं वय १६, आणि एकच नियम पाळला की मधे थांबवून ‘आमच्या वेळी ना’ असं म्हणायचं नाही. तिने विचारलं तरच बोलायचं. तिने विचारलं पण कमी, टोमणे जास्त. अँजेला जिच्यावर मरते तो जॉर्डन कॅटलॅनो, ज्याच्यासाठी आमचा अख्खा वर्ग वेडा होता, त्याला तिने तीन एपिसोड शांतपणे बघितलं आणि मग म्हणाली, “मावशी, हा नुसता भिंतीला टेकून उभा राहतो. एवढंच करतो का?”

“अगं तेच तर,” मी म्हटलं, आणि पुढे काही सुचेना.

तिचा आवडता निघाला ब्रायन, अँजेलाच्या शेजारचा, कुरळ्या केसांचा, तोंड उघडलं की चुकीचं बोलणारा. मला तो तेव्हा असह्य व्हायचा.

शेवटचा एपिसोड मात्र वेगळा काढून ठेवा, त्याला एक मोकळी संध्याकाळ द्या, आणि माहीत असू द्या की बऱ्याच सिरीज मधेच बंद पडल्यात, त्यांना शेवट नाहीये. (पुढे काय होतं ते सांगणार आहे, बघितली नसेल तर इथेच थांबा.) आम्ही १९वा लावला. जॉर्डनच्या नावाने आलेलं पत्र खरं तर ब्रायनने लिहिलंय हे रस्त्यात उभ्या उभ्या अँजेलाच्या लक्षात येतं, तरी ती जॉर्डनच्या गाडीत बसते, गाडी निघते, आणि नावं वर जायला लागतात.

भाची रिमोट शोधायला लागली. “पुढचा सीझन लाव ना.”

“नाहीये गं.”

“नाहीये म्हणजे? मग ब्रायनचं काय?”

“तो तिथेच आहे,” मी म्हटलं, “१९९५ पासून, सायकलवर.”