'कऱ्हाड' सर्च केलं तर अर्ध्याच ओळी सापडतात? माझा अनुभव

गावांच्या यादीत कऱ्हाड, वऱ्हाड असं काही शोधलं की थोड्या ओळी सापडायच्या, बाकीच्या नाहीत, आणि दिसायला सगळं डिट्टो सेम. फॉन्ट बदलला, फाइल यूटीएफ-8 मध्ये परत सेव्ह केली, एनएफसी (तेच अक्षर वेगळ्या कोडने लिहिलेलं असेल तर ते एकसारखं करणारी युनिकोडची पद्धत) पण चालवलं, काही नाही. डोकं फिरलं होतं अक्षरशः.

गोम आहे ऱ्ह, ऱ्य मधल्या अर्ध्या र मध्ये, तो कुठल्या कोडने लिहायचा यात. त्याचे नियम विखुरलेत हो, थोडं इस्कीत (भारतीय लिप्यांचं जुनं कोड स्टँडर्ड, आयएस 13194:1991), थोडं ओपनटाइप या फॉन्ट फॉरमॅटच्या डॉक्युमेंट्समध्ये, आणि युनिकोडच्या कोडचार्टमध्ये नुसते नंबर. शेवटचा शब्द मिळतो तो युनिकोडच्या (प्रत्येक अक्षराला नंबर देणारं स्टँडर्ड) कोअर स्पेसिफिकेशनमध्ये: प्रकरण 12, देवनागरी, रेंडरिंगचे (अक्षर स्क्रीनवर कसं दाखवायचं याचे) नियम आर5 आणि आर5ए. आर5 म्हणतो हा अर्धा र म्हणजे ऱ (0931) आणि हलन्त (पाय मोडायचं चिन्ह, 094डी). आर5ए म्हणतो की युनिकोड 2.0 शी जुळावं म्हणून र (0930), हलन्त, मग झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडचिन्ह, 200डी) हेही तसंच दाखवायचं. दिसतं एकच, पण कोड वेगळे आणि एनएफसी त्यांना एक धरत नाही.

तर आधी फाइलची कॉपी ठेवा. मग 0930 094डी 200डी जिथे सलग असेल तिथे 0931 094डी टाका. 200डी सरसकट उडवू नका बरं, रफार (अक्षराच्या डोक्यावरचा र) होऊन दऱ्यांचा दर्या होईल. त्यानंतर एनएफसी चालवा, म्हणजे कुणी र ला नुक्ता (खालचा टिंब, 093सी) देऊन टाइप केलं असेल तर त्याचा ऱ होतो. मग इंडेक्स (सर्च ज्यात शोधतो ती शब्दसूची) नव्याने बनवा, आणि सर्च बॉक्समध्ये लोक जे टाइप करतात त्यावरही हेच दोन बदल याच क्रमाने चालवा, कारण कीबोर्ड दोन्ही प्रकारचे आहेत.