विदर्भात व्हीनस फ्लायट्रॅप: आधी पावसाचं पाणी साठवा, मग रोप आणा

किडे मिळाले नाहीत तर व्हीनस फ्लायट्रॅप हे किडे खाणारं रोप उपाशी मरेल, अशी भीती नवख्याला वाटते. आपल्याकडे मात्र ही रोपं मरतात ती बोअरच्या पाण्यानं. अमेरिकेतल्या नॉर्थ आणि साउथ कॅरोलिनाच्या ओल्या, आम्लधर्मी, नापीक जमिनीत हे झाड वाढतं. तिथं मातीतून नत्र-स्फुरद जेमतेम मिळतं, ती कसर ते किड्यांतून भरून काढतं. क्षार मात्र मुळांना सोसत नाहीत.

म्हणून पहिलं काम पाण्याचं. पावसाळ्यात टिनाच्या छपराला पन्हळ लावा. पहिले दोन-तीन पाऊस वाहून जाऊ द्या, मग झाकणाचा 200 लिटरचा ड्रम भरा. तेवढ्यात दोन-तीन कुंड्यांचं पुढच्या पावसापर्यंत निभतं. कूलरच्या टाकीला जो पांढरा थर धरतो ना, तोच क्षार कुंडीत साचतो आणि पानं कडेपासून काळी पडत जातात. खारपाणपट्ट्यात तर बोअरचं पाणी एकदाही घालू नका. ड्रम संपला तर डिस्टिल्ड वॉटर घ्या. जारचं पाणी मीटरनं तपासा, टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) 50 च्या आत हवा.

मग कुंडी. 12 ते 15 सेंमी खोल, फिक्या रंगाची, प्लास्टिकची. त्यात पीट मॉस (दलदलीतल्या शेवाळाचा भुगा) आणि परलाइट (पांढरे, हलके खनिज दाणे) निम्मं-निम्मं. काळी माती, शेणखत, गांडूळखत, युरिया यातलं काहीही नको. कुंडी ताटलीत ठेवून तळाशी 1-2 सेंमी पाणी राहू द्या.

पावसाळ्यापासून फेब्रुवारीपर्यंत रोज पाच-सहा तास थेट ऊन द्या. उन्हानंच सापळे, म्हणजे पानांच्या टोकाला किडे पकडणाऱ्या दोन-दोन पाळ्या, आतून लाल होतात. मार्चच्या मध्यापासून मात्र सकाळी दहापर्यंतचंच ऊन, पुढं 50 टक्क्यांची हिरवी नेट. मे महिन्यात पानांआधी मुळं उकडतात, तेव्हा कुंडी थर्माकोलच्या डब्यात ठेवा आणि टिनाच्या भिंतीपासून लांब.

सापळा जवळून बघा. दोन्ही पाळ्यांवर साधारण तीन-तीन बारीक केस दिसतील. एकदा धक्का लागला तर काही होत नाही. वीसेक सेकंदांत दुसरा लागला की सापळा क्षणात मिटतो. पावसाच्या एकट्या थेंबानं फसायला नको म्हणून ही सोय. आत किडा धडपडत राहिला, केसांना आणखी धक्के बसले, तरच पाचकरस सुटतो. मेलेली माशी टाकली तर सापळा मिटल्यावर बाहेरून हलकेच चोळावं लागतं ते यासाठीच. किडा सापळ्याच्या एक तृतीयांश एवढाच हवा, मोठा असला तर फट राहून सापळा कुजतो. मटण, पनीर तर नकोच. पचायला पाच ते बारा दिवस लागतात. बोट घालून खेळू नका. मिटण्या-उघडण्यात रोपाची ताकद जाते आणि पदरात काही पडत नाही. तीन-चार शिकारींनंतर सापळा काळा पडतो, तो कापून टाका.

डिसेंबर-जानेवारीत रोप आखडतं, बरीच पानं वाळतात. मेलं समजून फेकू नका, घरातही घेऊ नका. आंगणातली रात्रीची थंडी त्याला हवीच असते. ताटलीतलं पाणी काढा, कुंडीतलं मिश्रण नुसतं ओलसर ठेवा. जानेवारी संपता संपता पीट-परलाइट बदला. पुढं फुलाचा दांडा निघाला आणि रोप लहान असलं, तर तो 5 सेंमीचा होताच खुडा.