खोकला हटत नाही? सिरपची बाटली उघडण्याआधी दिवस मोजा

सर्दी गेली तरी खोकला मागे रेंगाळतो, हे नेहमीचंच. मोठ्यांचा 8 आठवड्यांवर आणि मुलांचा 4 आठवड्यांवर गेला, की तो जुनाट. आपल्याकडे टीबी आहे, त्यामुळे इतकं थांबायचं नाही. 2 आठवडे झाले की बेडका तपासायचा. पुण्यात महापालिकेच्या किंवा सरकारी दवाखान्यातून हे मोफत होतं.

तपासणी फसते ती बहुधा डबीतच, कारण आत नुसती लाळ जाते. सकाळी उठल्यावर, काही खाण्याआधी साध्या पाण्याने चूळ भरा. गॅलरीत जा, दोन-तीनदा खोल श्वास घ्या आणि छातीतून खोकून 2 ते 5 मिली घट्ट बेडका काढा. सोबत छातीचा एक्स-रे.

मग घरातली औषधं बघा. बीपीची रामिप्रिल किंवा एनालाप्रिल चालू असेल, तर कोरडी ढास त्यानेही लागते. गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांकडून बदलून घ्या. खोकला जायला 1 ते 4 आठवडे, कधी 3 महिनेही लागतात.

खोकला कधी येतो तेही लिहून ठेवा. पहाटे उबळ, धावल्यावर घरघर असेल तर दम्याचा संशय, स्पायरोमेट्री (फुंकून फुप्फुसांची ताकद मोजायची चाचणी) करा. जेवून आडवं झाल्यावर येत असेल तर पित्त वर येत असावं. सारखं घसा खाकरावं लागत असेल तर नाकातला शेंबूड मागून घशात उतरत असेल, नाकाकडे बघा. आणि हो, डक्टमधली कबुतरं! त्यांच्या विष्ठेच्या धुळीनेही काहींना कोरडा खोकला आणि जिना चढताना धाप लागते. ती विष्ठा कोरडी झाडू नका. भिजवून, मास्क लावून पुसा. खोकणाऱ्याने तर या कामाला हातच लावू नये.

रक्त पडलं, वजन उतरलं, रात्री घाम फुटला किंवा धाप लागली, तर दिवस मोजत बसू नका.

मुलांचं गणित वेगळं. मूल खेळतंय, पण 4 आठवडे रोज ओला खोकला असेल, तर श्वासनळ्यांत जिवाणू ठाण मांडून असू शकतात. डॉक्टर बहुधा अँटिबायोटिकचा 2 आठवड्यांचा कोर्स देतात. चार दिवसांत बरं वाटलं म्हणून औषध मधेच थांबवलं, की खोकला उलटतो. शेंगदाणा खाताना ठसका लागला आणि तेव्हापासून खोकला असेल, तर ते आवर्जून सांगा. श्वासनळीत अडकलेला शेंगदाणा एक्स-रेत दिसत नाही. दिवसभर खणखणीत खोकणारं मूल झोपेत अगदी शांत असेल, तर तो सवयीचा खोकला असू शकतो. त्यावर सिरपचा उपयोग होत नाही.

तसंही 2 वर्षांखाली खोकल्याचं सिरप नकोच, 5 वर्षांपर्यंतही सहसा नाही. मध चालतो, पण वर्षाच्या आतल्या बाळाला बोटावरसुद्धा नाही.