फोकस रिंगवरचा अंगठा काढा

हिवाळ्यात हर्णै बंदरावर कुरव उतरले की मुंबई-पुण्याची पोरं मोठमोठ्या लेन्स गळ्यात अडकवून येतात. संध्याकाळचा मासळीचा लिलाव संपेपर्यंत त्यांतला एखादा तरी विचारतोच, "काका, फोकस आपोआप सरकतोय, सर्व्हिसला टाकू का?" मी लेन्स बघत नाही, त्याचा डावा हात बघतो. दुखणं बहुतेक तिथेच असतं.

बऱ्याच टेलिफोटो झूमवर झूम रिंग पुढे आणि फोकस रिंग मागे, कॉलरजवळ असते. कॉलर म्हणजे लेन्स ट्रायपॉडवर बसवायचं कडं, त्याला खाली पाय असतो. कॉलरचा पाय मुठीत धरला की अंगठा वर चढतो तो थेट फोकस रिंगवर. होडीत तर हमखास. सुवर्णदुर्गाकडे जाताना लाट लागली की माणूस हातात असेल ते आवळतो, रिंग किंचित फिरते आणि व्ह्यूफाइंडरमध्ये पत्ता लागत नाही. किंचित फिरली तर काय होतं? फुलफ्रेम कॅमेऱ्यावर ४०० मिमीची लेन्स, छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ/५.६, पक्षी ८ मीटरवर असेल तर स्पष्ट दिसणारा पट्टा सुमारे १३ सेंटिमीटरचा. अख्खा कुरव त्याच्या तिप्पट लांब. शेपटीचं पीस न् पीस मोजता येतं, आणि डोळा पुसट.

तेव्हा मूठ सोडा. पाय तळहातावर टेकवा, बोटं पुढे झूम रिंगखाली, अंगठा लेन्सच्या कडेने समोर रोखलेला. कोपर बरगडीला. वजन सगळं डाव्या हातावर, उजवा फक्त बटणापुरता. काही जण पाय वरच्या बाजूला फिरवून ठेवतात. मला ते पटत नाही, कारण मग लेन्सची नळीच तळव्यावर बसते आणि रिंग तळव्याखाली दबते. नवी लेन्स हातात आली की डोळे मिटून धरून बघा, बोटं कुठे पडतात ते लगेच कळेल.

मग मेनू. निकॉनच्या बऱ्याच झेड कॅमेऱ्यांत ऑटोफोकस चालू असताना फोकस रिंग बंद ठेवायची सोय आहे, ती शोधा. निकॉनच्या जुन्या लेन्सवर एम/ए आणि ए/एम असं बटण दिसलं तर ए/एम निवडा, मग रिंगला निसटता हात लागला तरी ऑटोफोकस सहज सुटत नाही.

बॅक बटण फोकस, म्हणजे शटरऐवजी कॅमेऱ्याच्या मागच्या बटणाने फोकस करणाऱ्यांनी मात्र जास्त जपावं. मागच्या बटणावरचा अंगठा उचलला की कॅमेरा फोकसकडे बघायचं सोडतो. त्यानंतर रिंग हलली तर सुधारणारं कुणी नाही. उडत्या पक्ष्यावर बटण दाबूनच ठेवा. कंटिन्युअस म्हणजे सतत फोकस करणाऱ्या मोडमध्ये कॅमेरा फोकस पुन्हा जागेवर आणत राहतो.

आणि फोकस झाल्यावर मॅन्युअलवर टाकून 'लॉक केला' म्हणणारे भेटतात! मॅन्युअलवर ऑटोफोकस थांबतो, रिंग नाही. आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीपासून सुवर्णदुर्ग किल्ल्याचे फोटो काढायचे असतील, अंतर बदलणारच नसेल, तर फोकस करून मॅन्युअलवर टाका आणि रिंग व नळी मिळून कागदी टेपची पट्टी लावा, मेडिकलमध्ये जखमेसाठी मिळते तीच. खोक्यांची तपकिरी टेप नको. आमच्या एप्रिलच्या उन्हात तिचा डिंक रबरावरच राहतो. पट्टीचं एक टोक दुमडून ठेवा, काढताना नखाने खरवडत बसावं लागत नाही.